एका जिन्यापुरता अँटेना

इंदापुरात घराघरावर टीव्हीचे अँटेने उभे राहिले त्या काळात लियाकत तांबोळी जमिनीवर फारसा दिसायचाच नाही. कुणाला तो हवा असला की लोक आधी मान वर करून बघायचे. कुठल्यातरी पत्र्यावर एक पाय आणि पन्हाळीवर दुसरा पाय ठेवून तो अँटेन्याची दांडी हळूहळू फिरवत असायचा आणि खाली ओरडायचा, "आलं का?" खालून घरातली माणसं एका सुरात सांगायची, "आलं, आलं... गेलं." हा संवाद सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावात कुठे ना कुठे चालू असायचा. शेजारच्या घरात एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं, की "गेलं" ऐकून भेटायला आलेल्यांची चांगलीच धांदल उडायची.

लियाकतचा सगळ्या जगाबद्दल एकच सिद्धांत होता. जे काही बिघडलेलं आहे ते उंची कमी पडल्यामुळे बिघडलं आहे. चित्रात मुंग्या आल्या, उंची कमी पडतीय. आवाज खरखरतोय, उंची कमी पडतीय. एकदा हिंदुराव गलांडे यांच्या रेडिओचा आवाज बसला तेव्हा याने त्यांच्या लॉजच्या गच्चीवर वायर नेऊन बांधली आणि तीन दिवस बोलणी खाल्ली. रेडिओतले सेल संपले होते. लियाकतची बायको ताजबी त्याला तोंडावर सांगायची, "तुमी गेल्यावर मी कबरीवर दगड न्हाय बसवायची. अँटेनाच उभा करते. तुमाला तितं तरी उंची कमी पडाय नको."

लियाकतला हा बेत मनातून पसंत होता.

पुढे केबल आली आणि छपरांवरचे अँटेने कावळ्यांच्या ताब्यात गेले. दुसरा एखादा खचला असता. पण तेवढ्यात कॉर्डलेस फोन निघाला, तोही लांब पल्ल्याचा. बागाईतदारांची अडचण अशी होती, की फोन घरात आणि माणूस विहिरीवर. वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे मोटर सोडून घरी येता येत नाही, आणि घरी फोन वाजला तर रानात कळत नाही. लियाकत मुंबईहून सेट आणायचा, घराच्या छपरावर अँटेना चढवायचा आणि गिऱ्हाइकाला पुढ्यात बसवून समजावून सांगायचा, "हा जो ठोकळा हाय ना, ही गाय. ही घरात दाव्याला बांधायची. हे हातातलं जे हाय ते वासरू. ह्याला खिशात घाला, विहिरीवर न्या, कुठंबी हिंडू द्या. गाय हंबरली की वासरू वरडनार. बास."

एवढं सोपं करून सांगणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. दोनेक वर्षांत कालव्याच्या दोन्ही अंगांना, शेळगावच्या वाटेला, पार उजनीच्या पाण्याच्या कडेपर्यंत लियाकतच्या गायी आणि वासरं झाली.

आता प्रत्येक गायीला आपलं वासरू ओळखता यावं म्हणून ठोकळ्याच्या आणि हँडसेटच्या पोटात बारीक बटणांची एक रांग असते. ती वरखाली करून जोडीची खूण ठरवायची. जोडी वेगळी, तर खूण वेगळी. लियाकतने मात्र सगळ्या सेटना एकच खूण ठेवली होती. कुणाचाही सेट बिघडला की कमरेला लटकवलेला आपला स्वतःचा हँडसेट काढायचा आणि जागेवर तपासायचा, ही त्याची सोय. एकमेकांच्या आड येण्याची भीती नव्हती, कारण प्रत्येकाचं छप्पर बेताचं आणि मळे दूरदूर. हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाला अडतही नव्हतं. ते अडलं सत्त्याण्णव साली, एका शुक्रवारी.

लियाकतची मुलगी शबीना डी. एड. करून शेळगावच्या शाळेत शिक्षिका झाली होती. रोज एस.टी.ने जायची, एस.टी.ने यायची. मुलं तिला भीत नसत, पण तिच्यापुढे खोटं बोलत नसत. स्थळं येत होती. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगा बोलू लागायचा. आपली नोकरी, आपला साहेब, आपली मोटारसायकल, आपली पचनशक्ती. शबीना ऐकून घ्यायची आणि पाहुणे वळणावर दिसेनासे झाले की म्हणायची, "नको." तिचं 'नको' एकदा निघालं की ते फिरवायला आजवर कुणाला जमलं नव्हतं.

मग सुप्याचं स्थळ आलं. मुलगा अमन, मस्कतला पाण्याच्या पंपांवर फिटर. घर चांगलं, माणसं साधी. मुलाची आई येऊन शबीनाला बघून गेली आणि जाताना तिचा हात बराच वेळ धरून उभी राहिली. लियाकतला तर फोटो बघूनच जावई पसंत पडला होता, कारण फोटोत त्याच्या मागे एक भलामोठा टॉवर होता. पण अमनला सुट्टी मिळायला अजून अवकाश होता आणि दौंडकडची एक मंडळी सुप्याला खेटे घालत होती. शनिवारी मुलाचे मामा येऊन हो की नाही ते विचारून जाणार, असं ठरलं.

"मी एकदा त्यांच्याशी बोलेन," शबीना म्हणाली. "एकटी. त्या वेळी कुणी ऐकायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, अब्बा. त्याशिवाय माझं नकोच समजा."

ताजबी म्हणाली, "काय बोलनार हायस?"

"ते तुला सांगितलं तर एकटीनं बोलायचं काय राहिलं?"

लियाकतने शब्द दिला. शब्द देऊन झाल्यावर त्याला आठवलं, की आपल्या दुकानाचा फोन बंद आहे. वाजवीपेक्षा जास्त भरलेली उसाची ट्रॉली आठवड्यापूर्वी गल्लीतून गेली होती आणि जाताना टेलिफोनची तार अंगावर घेऊन गेली होती. घरी फोन नव्हताच. तेव्हा सुप्याला निरोप गेला तो हिंदुरावांच्या लॉजच्या नंबरचा. शुक्रवारी मस्कतला सुट्टी, सकाळी अकराच्या सुमाराला फोन येईल, असा उलटा निरोप आला.

हिंदुराव हा लियाकतचा शाळेपासूनचा मित्र, जागा द्यायला एका पायावर तयार. पण त्यांचा फोन होता खाली गल्ल्यावर. लॉज एस.टी. स्टँडच्या समोर असल्यामुळे गल्ल्यापुढच्या बाकावर बारामतीच्या गाडीची वाट बघणारी माणसं कायम बसलेली. एरवी ही माणसं सारखी बोलत असत. फोन वाजला की मात्र सगळी एकदम गप्प व्हायची, बोलणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. त्या शांततेत पलीकडच्या माणसाचा श्वाससुद्धा बाकाच्या शेवटच्या टोकाला ऐकू जायचा.

"वरची सात नंबरची खोली घेऊ," लियाकत म्हणाला. "गाय हितं गल्ल्यावर बांधतो. वासरू घेऊन पोरगी वर बसंल. दार लावून घेतलं, की बोला काय बोलायचं ते."

शुक्रवारी सकाळी त्याने ठोकळा गल्ल्यावर बसवला, फोनची तार त्यात जोडली आणि कमरेचा हँडसेट घेऊन सात नंबरमध्ये गेला. थोडी खरखर आली. मध्ये एक जिना आणि एक स्लॅब. दुसऱ्या कुणीही खाट उचलून दाराजवळ घेतली असती आणि प्रश्न मिटला असता. लियाकत खोलीच्या मधोमध उभा राहिला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "उंची कमी पडतीय."

दुकानात एका बागाईतदारासाठी आणलेला मोठा अँटेना होता. चार लांबलचक पाइप एकात एक घालून उभा करायचा. आजवर तालुक्यात एवढा उंच कुणी लावला नव्हता. लियाकतने तो हातगाडीवर घालून आणला आणि लॉजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्याही वर, तारांचे ताण देऊन उभा केला.

हिंदुराव रस्त्यात जाऊन वर बघत उभे राहिले. "लियाकतभाई, मला एक सांग. पोरगी वरच्या खोलीत बसनार हाय का सोलापुरात?"

"तुमाला त्यातलं कळत न्हाय."

"न्हायच कळत. पन जिन्याला पायऱ्या किती, ह्यो पाइप किती..."

"पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय, हिंदुराव. मधी एक शब्द जरी गळला आन् तिकडनं 'हो'च्या जागी नुसती खरखर आली, तर मी कुणाकडं बघू?"

हिंदुराव रस्त्यातून आत येऊन गल्ल्यावर बसले. त्यांनाही दोन मुली होत्या. लियाकत वर गेला, हँडसेटमध्ये बोलला, "आलं का?" आणि हिंदुरावांनी गल्ल्यावर ठोकळ्याचा रिसीव्हर कानाला धरून कबूल केलं, की शेजारी बसून त्यांची बायको बोलते तेही त्यांना इतकं स्वच्छ ऐकू येत नाही. एकच तपासायचं राहिलं. फोनची बेल. त्यासाठी बाहेरून कुणीतरी फोन करायला हवा होता. लियाकत म्हणाला, "बेल काय, वाजतीच."

साडेदहाला ताजबी आणि शाळेत रजा टाकलेली शबीना आल्या. ताजबीने टाकीवरचं ते प्रकरण पायापासून शेंड्यापर्यंत बघितलं. "एवढं कशाला?" ती म्हणाली. "तुमी वर चढून हाक मारली असती तर मस्कतला गेली असती." शबीनाचा चेहरा शाळा तपासणीच्या दिवशी असतो तसा झाला होता. तिने बापाच्या हातून हँडसेट घेतला, सात नंबरमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. ताजबीने जिन्याच्या तळाशी बैठक मारली. बाकावरच्या माणसांनी ताजबीकडे एकदा बघितलं आणि बारामतीची गाडी बाहेर उभं राहूनच बघायचं ठरवलं.

"ठोकळ्यावर हे तांबडं बटण कसलं?" हिंदुरावांनी विचारलं.

"स्पीकरचं. दाबलं की समद्यांना ऐकू येतंय."

"आसं?" हिंदुरावांचं बोट आपोआप पुढे आलं. लियाकतने त्या बटणावर आपला तळहात ठेवला आणि तिथून तो हलवला नाही.

अकराला थोडा अवकाश असताना बेल वाजली. वरच्या खोलीत वासरू ओरडलं. लियाकतने डोळे मिटले.

पण त्याच क्षणी शेळगावच्या वाटेला सोनबा जाधवांच्या खिशातलं वासरूही ओरडलं. शेळगावच्या शाळेजवळ मालनबाई कांबळ्यांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेलं ओरडलं. कालव्यावर, डाळिंबाच्या बागेत, केळीत, गुऱ्हाळावर, जिथे जिथे म्हणून लियाकतने वासरू दिलं होतं तिथे तिथे ते ओरडलं. एवढ्या उंच गायीने हंबरल्यावर कुठल्या वासराने गप्प बसायचं?

आणि फोन वाजल्यावर उचलायचा, हा तर माणसाचा धर्म. त्यातही त्या काळात फोन गावात थोडे आणि माणसं फार. ज्याच्याकडे फोन असेल त्याच्या नंबरपुढे 'पीपी' अशी दोन अक्षरं लिहून आळीतली सगळी माणसं तो आपलाच म्हणून नातेवाइकांना द्यायची. फोनवाल्याने उचलायचा, दुसऱ्या कुणाचा असला तर "थांबा, बोलावतो" म्हणायचं, फोन तसाच बाजूला ठेवायचा आणि पायात चप्पल घालून त्या माणसाला बोलवायला जायचं. भांडण असलेल्या घराचा फोन असला तरी जायचं. ही रीत तालुक्यात इतकी अंगवळणी पडली होती, की फोन आपला नाही हे कळल्यावर लोकांचे पाय आधी हलायचे, डोकं नंतर.

वरचं दार उघडलं. शबीना जिन्याच्या तोंडाशी आली. "अब्बा," ती म्हणाली, "फोनमध्ये गाव भरलंय."

लियाकत एका दमात जिना चढून गेला आणि त्याने हँडसेट कानाला लावला.

"हॅलो, कोन पायजे?"

"तुमी कोन?"

"मी सोनबा. तुमी कोन?"

"आरं सोनबा, मी मालन. ऊस गेला का न्हाय तुमचा?"

"कुठला जातोय, वयनी. टोळीच न्हाय आली अजून."

"हॅलो," मध्येच एक तरणा, लांबून आल्यासारखा आवाज म्हणाला, "तांबोळी आहेत का? इंदापूर?"

"लियाकत व्हय?" चार-पाच आवाज एकदम बोलले. "थांबा हां, बोलावतो."

"आरं तुमी कशाला जाताय, माझी गाडी दारातच हाय, मी जातो की."

"शबीना तांबोळी आहेत का?" तरणा आवाज म्हणाला.

"आमच्या शाळंतल्या बाई?" मालनबाईंचा आवाज. "लई चांगल्या हायत्या बगा. आमची पायल पाढे म्हनाय लागली त्यांच्यामुळं."

गाय, वासरू, एकच खूण आणि टाकीवरचा तो पाइप, सगळं लियाकतच्या डोळ्यांपुढे एका रांगेत येऊन उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच उंची जास्त पडली होती.

"मी लियाकत बोलतोय," तो हँडसेटमध्ये ओरडला. "समद्यांनी फोन ठेवा. पोरीचा फोन हाय."

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "स्थळाचं हाय व्हय?"

"ठेवा रं, ठेवा समदी," सोनबा म्हणाला. "पोरगी बोलंल कशी मग?"

खट, खट, खट असे फोन बंद होत गेले. लियाकत कान देऊन ऐकत राहिला. सगळे आवाज गेले आणि मागे एकच उरला. घूंऽऽऽ. कुठल्यातरी विहिरीवरची मोटर चालली होती. कुणीतरी फोन उचलला होता, पण बंद केला नव्हता.

"आहो मोटरवाले, ठेवा की फोन," लियाकत म्हणाला. मोटरने काही ठेवला नाही.

"राहू द्या, अब्बा." शबीनाने त्याच्या हातातून हँडसेट काढून घेतला. "तुम्ही खाली जा." दार पुन्हा बंद झालं.

लियाकत एकेक पायरी मोजल्यासारखा उतरला. ताजबीने वर बघितलं. "आलं का?"

"आलं," लियाकत म्हणाला. "जरा जास्तच आलं."

तो गल्ल्यावर जाऊन बसला आणि तांबड्या बटणावर पुन्हा तळहात ठेवला. हिंदुरावांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. त्याने पाणी घेतलं नाही. तो विचार करत होता, की पोरीनं जगाकडे एकच गोष्ट मागितली, चार भिंती आणि बंद दार. आणि आपण तिला पंचक्रोशीच्या मधोमध नेऊन बसवलं. आता तो मुलगा काय म्हणत असेल? आणि ती मोटर कुणाची? मोटरीशेजारी कोण बसून ऐकत असेल? आता वरून दार उघडणार, शबीना खाली येणार आणि एकच शब्द बोलणार. तो शब्द त्याला पाठ होता.

बाहेर लुना थांबल्याचा आवाज आला. झुंबरतात्या आत आले, घामाघूम. कालव्याच्या कडेला त्यांचं डाळिंब होतं.

"हितं हायस व्हय?" तात्या धापा टाकत म्हणाले. "दुकानात बघितलं, घरी बघितलं. मग म्हनलं वर बघावं. टाकीवर ह्यो खांब दिसला, म्हनलं गडी हितंच. चल लवकर, माझ्या मोटरीवर तुझा फोन आलाय. परदेशातनं हाय."

लियाकत त्यांच्याकडे बघत राहिला. "तात्या, फोन कुठं हाय?"

"स्टार्टरच्या पेटीवर ठेवलाय. धरा म्हनलंय त्यांना. चल, बस माघारी."

ताजबीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. आणि नेमकं तेव्हाच वरचं दार उघडलं. शबीना अर्ध्या जिन्यापर्यंत उतरली. हँडसेट तिने ओढणीने झाकून धरला होता.

"अब्बा, ही मोटर कुणाची आहे? ते विचारतायत."

"ते कोन?" ताजबी म्हणाली.

"ते," शबीना म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. "ते म्हणतायत, मघाशी आवाज बरा होता, आता मोटरनं पाणी सोडलंय. कोरडी फिरतेय. लगेच बंद करा, नाहीतर जळेल."

झुंबरतात्यांच्या चेहऱ्यावरचा घाम जागच्या जागी वाळला. "कोन म्हनतंय?"

"मस्कतहून म्हणतायत, तात्या."

"मस्कतला कसं कळलं माझ्या मोटरीचं?"

"तुमीच फोन तिच्या कानाशी ठेवून आलाय की," हिंदुराव म्हणाले. "जावा की आता."

तात्या गेले. तसा लुनाचा आवाज गावाने त्याआधी ऐकला नव्हता. शबीना हँडसेटमध्ये म्हणाली, "निघालेत ते. हो. लुनावर." मग थोडं ऐकून घेतलं आणि बापाकडे बघून म्हणाली, "ते म्हणतायत, मोटर बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत फोन ठेवत नाही." आणि ती वर गेली.

यावेळी दार लागायचा आवाज आला, पण तो मघासारखा घट्ट नव्हता.

लॉजपासून तात्यांची विहीर बरीच लांब. मध्ये कालव्याचा कच्चा रस्ता, त्यात तात्यांची लुना चढावर उतरून ढकलावी लागते. लियाकतने सगळी वाट मनातल्या मनात चालून बघितली. आत्ता पुलाशी आले असतील. आत्ता उतरले असतील. एवढा वेळ दोन अनोळखी माणसं एका मोटरीचा आवाज ऐकत नुसती थांबणार कशी? काहीतरी बोलावंच लागेल. मग वरून, बंद दाराच्या आतून, शबीना हसली.

छोटंसंच हसू. पण लियाकतने ते ओळखलं. पाहुणे आल्यावर ती हसायची ते हे नव्हतं. लहानपणी तो छपरावरून घसरून पेंढ्यात पडला होता तेव्हा ती असंच हसली होती. हिंदुरावांनी ऐकलं, ताजबीनेही ऐकलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. लियाकतने बटणावरचा हात काढून पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

बऱ्याच वेळाने शबीना खाली आली. हँडसेट तिने ठोकळ्यावर नीट बसवला.

"थांबली," ती म्हणाली. "मोटर वाचली. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी, फूटव्हॉल्व्हमध्ये काहीतरी अडकलंय म्हणे, तात्यांना बघायला सांगितलंय त्यांनी. तात्यांनी त्यांना गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि डाळिंबाला या म्हणाले."

"आन् तू?" लियाकतने विचारलं. त्याचा आवाज नको तिथे खरखरला. "तू जे विचारनार हुतीस ते?"

"विचारलं."

"मग?"

"उद्या त्यांच्या मामांना नुसता चहा नको, अब्बा. जेवायलाच थांबवा."

ताजबी उठली आणि हिंदुरावांच्या स्वयंपाकघरात गेली, तिथल्या आचाऱ्याला उगीचच मीठ कमी-जास्त झाल्याचं सांगून आली. लियाकत गल्ल्यावर बसून राहिला. इतका मोकळा श्वास त्याने बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता. तिने काय विचारलं ते त्याला कधीच कळलं नाही, आणि आपल्याला ते कळलेलं नाही याचं त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त समाधान वाटलं.

तरी एक खडा टोचत होता. बाकीच्यांनी फोन खरंच ठेवला होता का? जुम्म्याची नमाज झाल्यावर त्याने सायकल काढली आणि थेट शेळगावच्या वाटेला सोनबाकडे गेला.

सोनबा त्याला बघून बांधावरूनच ओरडला, "आला का? मी सकाळपासनं वाट बघतोय. तू ठेव म्हनलास म्हनून ठेवला रं बाबा, पन पुढं काय झालं? जमलं का?"

लियाकतला वाटलं, याला उराशी धरावं. मालनबाईंनी तर गोठ्यातून बाहेर येऊन त्याला दरडावलंच, "असं अर्ध्यात ठेवाय लावायचं असतंय व्हय? आमी दिसभर जेवलो न्हाय धड. काय म्हनला मुलगा?" तो जिथे गेला तिथे हेच. कुणालाही पुढचं काहीही माहीत नव्हतं. त्या तालुक्यातल्या माणसांनी, ज्यांना शेजारच्या घरात काय शिजलं हे ओळखल्याशिवाय जेवण जात नाही, हातातला फोन आपण होऊन ठेवला होता. लियाकत प्रत्येकाला सांगत गेला, "जमलं. जमलं म्हना." आणि प्रत्येकाच्या ठोकळ्याची आणि हँडसेटची खूण बदलत गेला.

सोनबाने त्याला बटणं फिरवताना बघितलं आणि जरा हिरमुसून म्हणाला, "राहू दे की एखादी तशीच. मालनवयनीशी चार महिन्यांनी बोलनं झालं."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर लियाकत लॉजच्या टाकीवर चढला, अँटेना उतरवायला. पहिल्या ताणाची गाठ तो सोडतच होता, तेवढ्यात गच्चीच्या दारात शबीना येऊन उभी राहिली.

"अब्बा, काय करताय?"

"उतरवतोय. तुझी आई म्हनती तेच खरं. एका जिन्यासाठी लई उंच झाला."

शबीनाने वर बघितलं. उन्हाचा शेवटचा तुकडा अँटेन्याच्या शेंड्यावर बसला होता.

"सगळ्यांची खूण बदलली ना?"

"बदलली. झुंबरतात्याची पन."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "निदान पुढच्या शुक्रवारपर्यंत."

लियाकतने सोडलेली गाठ पुन्हा बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट.